आधी मोजा, मग पाना लावा : स्पोर्ट्स कारविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: इतके भाग बदलले, पण गाडी आहे तशीच. ताकदवान इंजिनाच्या गाडीत एका लक्षणामागे चार-पाच कारणं दडलेली असतात. त्यातलं नेमकं कोणतं, हे अंदाजाने कळत नाही, गेज लावूनच कळतं. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच धरायचा.

प्रश्न : सहा सिलिंडरचं, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे. सकाळी पहिला सेल्फ मारला की मिनिट-दीड मिनिट मिसिंग करतं, सगळी गाडी थरथरते. गरम झालं की एकदम सुरळीत. स्कॅनरवर पी०३०० आणि अधूनमधून पी०३०३ येतो. सहाही प्लग आणि कॉइल नव्या टाकल्या, काही फरक नाही. आता इंजेक्टर बदलावेत का?

उत्तर : इतक्यात नको. पी०३०० म्हणजे मिसिंग (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं) आहे, पण ते एकाच सिलिंडरमध्ये नाही. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये. तिसऱ्याची कॉइल पाचव्यावर टाका आणि पाचव्याची तिसऱ्यावर. कोड बदलून पी०३०५ आला तर कॉइलच खराब, मग ती नवी का असेना. कोड जागचा हलला नाही तर हीच अदलाबदल प्लगची करा. प्लगची गॅप फीलर गेजने मोजा. बहुतेक टर्बो इंजिनांना ०.७ ते ०.८ मिमी लागते, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवलेला असेल तर ०.६ च्या आसपास. मात्र गॅप जास्त झाल्याचं मिसिंग जोरात पिकअप घेताना येतं, थंड आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सहसा नाही. म्हणून तुमच्या बाबतीत हा संशय मागे ठेवा.

त्यानंतर स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये फ्युएल रेलचा दाब पाहा. इंजिनाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन आकडे सेल्फ मारताना आणि पुढची दोन मिनिटं शेजारी शेजारी ठेवा. प्रत्यक्ष दाब मागेच राहत असेल आणि सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, तर हाय प्रेशर पंपाकडे वळा.

दाब ठीक असेल आणि त्रास फक्त थंड असतानाच होत असेल, तर इनलेट व्हॉल्ववर कार्बन साचल्याची शक्यता सगळ्यात जास्त. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनलेट पोर्टमध्ये फवारलं जायचं आणि त्यानेच व्हॉल्वची मागची बाजू धुतली जायची. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ मात्र इनलेटमधूनच जाते आणि तापलेल्या व्हॉल्ववर भाजून बसते. बीएमडब्ल्यूचं एन५४ आणि ऑडीचं ४.२ एफएसआय ही इंजिनं या बाबतीत सर्वांना माहीत आहेत. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड यांच्या इंजिनात पोर्टमध्येही इंजेक्टर असल्याने हा त्रास बराच कमी. साचलेल्या थरामुळे हवेचा प्रवाह प्रत्येक सिलिंडरमध्ये वेगळा विस्कटतो. थंड आयडलला मुळात हवा थोडी असते, त्यामुळे तो फरक तिथेच ठळक जाणवतो.

खात्री करायला इनटेक मॅनिफोल्ड काढून पोर्टमध्ये टॉर्च मारा. व्हॉल्वच्या दांड्यावर आणि मागच्या गोलाईवर काळा, खडबडीत, खवल्यांसारखा थर दिसेल. दांड्याची मूळ जाडी ओळखू येत नसेल तर सफाईची वेळ झाली आहे.

सफाईची उत्तम पद्धत म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुसा दाबाच्या हवेने मारणं. हा भुसा कार्बन सोलतो, पण व्हॉल्व आणि सीट खरवडत नाही. वाळू किंवा काचेचे मणी इथे चुकूनही वापरू नका. कॉम्प्रेसर ६ ते ७ बारचा आणि टाकी मोठी हवी, नाहीतर दर दहा सेकंदांनी थांबावं लागतं. क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरवा आणि ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे सगळे इनलेट व्हॉल्व पूर्ण बंद करा. या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. व्हॉल्व केसभर जरी उघडा राहिला तरी भुसा सिलिंडरमध्ये उतरतो आणि भिंतीवर ओरखडे पडतात. बंद आहे याची खात्री पोर्टमध्ये थोडं क्लीनर ओतून करा. पाच मिनिटांत पातळी उतरली नाही तर व्हॉल्व बंद. मग ते शोषून घ्या आणि पोर्ट पूर्ण कोरडा करा, ओल्या पोर्टमध्ये भुश्याचा चिखल होतो. बाकीचे पोर्ट चिंध्या आणि टेपने बुजवा. व्हॅक्यूमचा अडॅप्टर पोर्टवर घट्ट बसवून त्यातून नॉझल आत घाला आणि वीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांनी मारा, प्रत्येक टप्प्यानंतर टॉर्चने पाहा. शेवटी पोर्ट शोषून काढा, हवा मारा, पुन्हा पाहा. एक दाणाही आत राहता कामा नये. मॅनिफोल्डचं गॅस्केट नवंच वापरा, आणि बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळत जा.

इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये क्लीनरचा स्प्रे मारण्याचा सोपा उपाय अनेक जण सुचवतात. टर्बो गाडीत तो आम्ही सुचवणार नाही. कार्बनचा सुटलेला कडक तुकडा एक्झॉस्टमधून जाताना टर्बाइनच्या पात्यावर आपटू शकतो, आणि ते चाक तेव्हा प्रचंड वेगाने फिरत असतं.

प्रश्न : हवेने थंड होणारी जुनी पोर्श ९११ आहे. सकाळी डिपस्टिक पाहिली तर कोरडी ठणठणीत. घाबरून दोन लिटर ऑइल टाकलं. आता सायलेन्सरमधून निळा धूर येतोय आणि एअर फिल्टरही ऑइलने भिजलाय. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

उत्तर : रिंगा गेल्या असं एवढ्यावरून मुळीच म्हणता येणार नाही. बहुधा ऑइल जास्त झालंय, इतकंच. या गाडीत ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनाखालच्या संपमध्ये नसून वेगळ्या टाकीत असतं आणि डिपस्टिक त्या टाकीत जाते. गाडी उभी राहिली की टाकीतलं बरंचसं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं. त्यामुळे थंड गाडीत काठी कोरडी दिसणं स्वाभाविक आहे. पातळी पाहायची ती सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गरम असताना आणि आयडलवर चालू असताना. त्यातही पाच-दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून भागत नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून ऑइलचं तापमान वर येऊ द्या.

टाकी भरून वाहिली की ऑइल ब्रीदरच्या पाइपाने एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून थेट सिलिंडरमध्ये. तुमचा निळा धूर तो हाच. टाकीच्या ड्रेन प्लगमधून एक-दीड लिटर काढा, वर सांगितल्याप्रमाणे पातळी पाहून लागेल तेवढं परत टाका. फिल्टर बदला आणि डबा आतून पुसून घ्या. ब्रीदरच्या नळीत राहिलेलं ऑइल जळेपर्यंत पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत थोडा धूर येईल. त्यानंतरही धूर राहिला तर लीक-डाउन टेस्ट करा, तिची माहिती पुढे दिली आहे.

इतर ड्राय संप गाड्यांचे नियम वेगवेगळे आहेत. काहींत इंजिन बंद करून ठरावीक मिनिटं थांबायला सांगतात. म्हणून एका गाडीची सवय दुसरीला लावू नका.

प्रश्न : ताशी १०० च्या वर ब्रेक दाबला की स्टीअरिंग हलतं. डिस्क वाकल्या असं सांगून एका गॅरेजने पुढच्या दोन्ही बदलल्या. चार-पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच. डिस्कचा माल हलका होता का?

उत्तर : नवी डिस्क काही हजार किलोमीटर नीट चालून पुन्हा हलायला लागली, तर संशय डिस्कवर नव्हे, हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) घ्यायचा. डिस्क उष्णतेने वाकते हा समज फार पसरलेला आहे. पेडलमध्ये जाणवणारी थरथर बहुतेक वेळा डिस्कची जाडी जागोजागी कमी-जास्त झाल्याने येते.

ती अशी होते. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहते, वर नवी डिस्क बसते, ती किंचित तिरपी फिरते. ब्रेक लावलेला नसतानाही तिरपी डिस्क दर फेरीला एकाच जागी पॅडला घासत जाते. हजारो किलोमीटरांत ती जागा झिजते आणि जाडीत फरक पडतो. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिमी इतका फरकही हाताला कळतो. केसाच्या जाडीपेक्षाही तो कमी आहे.

चाक काढा. डिस्क काढून हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा. स्टडच्या मुळाशी गोलाकार गंज राहतो, तोही काढा. डायल गेजचं चुंबकी बूड नकलवर, म्हणजे हब धरणाऱ्या भागावर, घट्ट बसवा (नकल ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबक धरणार नाही, क्लॅम्प लागेल) आणि हबच्या तोंडाचा रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) मोजा. ०.०५ मिमीच्या आत हवा. मग डिस्क बसवा, चाकाच्या नटांखाली जाड वायसर घालून ती सारख्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा आणि बाहेरच्या कडेपासून सुमारे १० मिमी आत गेजची टोचणी टेकवून एक पूर्ण फेरी फिरवा. साधारण ०.१ मिमीपेक्षा सुई जास्त हलली तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा. कधी कधी हब आणि डिस्क यांचे तिरपेपणे एकमेकांना कापतात आणि रीडिंग निम्म्यावर येतं. नाहीच आलं तर हब किंवा बेअरिंग बदलावं लागेल. जाडी मात्र मायक्रोमीटरनेच मोजा, डिस्कवर आठ ठिकाणी. व्हर्नियर इथे पुरत नाही.

दुसरं कारण म्हणजे पॅडच्या मालाचे डाग. जोरात ब्रेक मारून तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. असं असेल तर ट्रॅकसारख्या सुरक्षित, मोकळ्या जागी १०० वरून १५-२० पर्यंत दमदार ब्रेक लावा, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्या, असं आठ-दहा वेळा करा आणि शेवटी दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. नवे पॅड बसवल्यावरही हेच करायचं असतं.

चाकाचे नट इम्पॅक्ट गनने ठोकून आवळणं बंद करा, असं गॅरेजलाही सांगा. असमान टॉर्कनेही डिस्क ताणली जाते. पोर्श ९९७ सारख्या गाडीत बोल्टचा टॉर्क १३० न्यूटन-मीटर आहे. तो ताऱ्याच्या क्रमाने, चाक जमिनीला टेकलेलं असताना टॉर्क पान्यानेच द्यायचा.

कार्बन-सिरॅमिक डिस्कना हे मोजमाप तसंच्या तसं लागू करू नका. त्यांची झीज वजनावरून ठरते. अनेक डिस्कच्या मधल्या भागावर किमान वजन कोरलेलं असतं, डिस्क नीट साफ करून, कोरडी करून काट्यावर ठेवायची.

प्रश्न : पुढचे कॅलिपर साफ करून, सील बदलून परत बसवले. दोन लिटर ब्रेक ऑइल संपलं, तरी पेडल मऊच. मास्टर सिलिंडर गेला का?

उत्तर : पहिल्यांदा कॅलिपरकडे बघा: हवा काढायचं निपल वर आहे की खाली? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर तो बोल्टला व्यवस्थित बसतो, फक्त निपल तळाला येतं. हवा वरच्या टोकाला अडकते आणि कितीही ऑइल घातलं तरी निघत नाही. चार किंवा सहा पिस्टनच्या फिक्स्ड कॅलिपरला बाहेरच्या आणि आतल्या बाजूला अशी दोन निपलं असतात. दोन्हींतून हवा काढावी लागते, आतलं निपल बरेच जण विसरतात.

ते ठीक असेल तर एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली का ते पाहा. टाकी कधी रिकामी झाली असेल तर ही शक्यता मोठी. स्कॅनरमधून एबीएसचा पंप चालवून हवा काढावी लागते, नुसतं पेडल मारून ती निघत नाही.

मास्टर सिलिंडरविषयी एक सूचना. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल थेट तळाला नेऊ नका. मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग एरवी कधी वापरात नसतो, तिथे गंज आणि घाण साचते. पेडल तळाला गेलं की सीलची कड त्या खरबरीत भागावर घासून फाटते, आणि धडधाकट मास्टर सिलिंडर आपल्याच हाताने जातो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा म्हणजे ते अर्ध्या-पाऊण अंतरावर थांबेल.

ऑइल कोणतं, हेही विचारलं आहे. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नव्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा धरल्यावर किमान १५५. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत ऑइल दरवर्षी, शक्यतो ट्रॅकच्या दिवसाआधी बदलावं. डॉट ५ हे नाव ५.१ सारखं दिसलं तरी ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत चालत नाही. आणि ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

प्रश्न : टर्बो गाडीचा पिकअप कमी झालाय. जोर दिला की फुस्स असा आवाज, मागे काळा धूर आणि पी०२९९ कोड. टर्बो बदलायला सांगतात.

उत्तर : पी०२९९ चा अर्थ एवढाच, की इंजिनाने मागितलेला बूस्ट मिळाला नाही. टर्बो खराब आहे असं तो कोड म्हणत नाही. तुमच्या वर्णनातला काळा धूर मोलाचा आहे. टर्बोच्या आधी एअर फ्लो मीटर असलेल्या गाडीत मीटर हवा मोजतं, कॉम्प्युटर तेवढ्याला पुरेल इतकं पेट्रोल सोडतो, पण टर्बोनंतरच्या फाटक्या होजमधून मोजलेली हवा बाहेर निघून जाते. पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणून काळा धूर. फुस्स हा आवाज त्या जागेचाच.

शोधायची पद्धत : एअर फिल्टरनंतरचा पाइप काढा आणि टर्बोच्या तोंडावर घट्ट बसणारी टोपी लावा. टोपीला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व हवा. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी त्या पाइपाला जोडलेली असेल तर ती बुजवा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील ढकलली जातील. रेग्युलेटर लावून आधी ०.३ बार हवा द्या, कान लावा, मग हळूहळू ०.७ पर्यंत. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारा: होजच्या क्लिपा, इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टोकांचे दुमड, डायव्हर्टर व्हॉल्वचा पडदा, थ्रॉटलचं सील. होज वरून धड दिसते आणि खालच्या बाजूने, जिथे ऑइल पाझरून रबर फुगलेलं असतं, तिथे चिरलेली असते. हात फिरवून बघा, बोटाला ऑइलचा ओशटपणा लागतो तिथेच बहुधा चीर.

गळती नसेल तर वेस्टगेट, म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवणारी टर्बोची झडप. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने अर्धा बार व्हॅक्यूम द्या. दांडा न अडखळता सरकला पाहिजे आणि मिनिटभर व्हॅक्यूम टिकला पाहिजे. टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून बघणं सगळ्यात शेवटी. आडवी थोडी खेळ असणं साध्या बेअरिंगच्या टर्बोत गैर नाही, कारण चालू असताना ती जागा ऑइल भरून काढतं. उभ्या दिशेने, म्हणजे शाफ्टच्या लांबीत, हलणं जाणवलं किंवा पातं घराला घासल्याची खूण दिसली, तरच टर्बो काढा.

प्रश्न : गाडी महिन्यातून दोनदाच निघते आणि दर वेळी बॅटरी उतरलेली. नवी टाकून झाली.

उत्तर : गणित करा. बंद गाडी ५० मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ७० अँपिअर-तासांची बॅटरी महिन्यात निम्म्यावर येते, आणि हा ५० चा आकडा अजून ठीकच समजला जातो. गळती ३०० मिलीअँपिअर असेल तर तीच बॅटरी दहा दिवसांच्या आत रिकामी.

मोजायचं असं : बॉनेट उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद असल्यासारखं दाबा, दारांचंही तसंच. किल्ली दहा-बारा मीटर लांब ठेवा. निगेटिव्ह केबलमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा आणि ४० मिनिटं हात लावू नका. गाडीतले मॉड्युल (छोटे कॉम्प्युटर) एकेक करून झोपतात, पहिल्या पाच मिनिटांचं रीडिंग निरुपयोगी. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. रीडिंग जास्त राहिलं तर फ्यूज उपटू नका, त्याने मॉड्युल पुन्हा जागे होतात. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोचण्यांमध्ये मिलीव्होल्ट मोजा. ज्यावर दाब दिसतो त्या सर्किटमध्ये वीज वाहते आहे.

गळती नसेल तर उपाय सोपा, मेंटेनर चार्जर लावून ठेवा. एजीएम बॅटरीला एजीएमचा मोड, लिथियमला लिथियमचाच चार्जर. पोर्श ९९७ मध्ये बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर, म्हणून मेली की उघडत नाही. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधली लाल पिन बाहेर ओढा, तिला बाहेरच्या बॅटरीचा प्लस आणि दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला मायनस लावा, मग किल्लीने डिकी उघडा. या पिनवरून गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नका, ती तार तेवढ्या करंटची नाही.

प्रश्न : इंजिन मध्ये आणि रेडिएटर पुढे असलेली गाडी. कूलंट बदलल्यापासून तापमानाची सुई वर-खाली होते, हीटर गार.

उत्तर : आत हवा अडकली आहे. पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून लांब पाइप जातात, तिथल्या चढ-उतारांत हवा बसते. टोपी उघडी ठेवून इंजिन चालवत बसण्यापेक्षा व्हॅक्यूम फिलर वापरा. थंड इंजिनावर सिस्टिममध्ये उणे ०.८ बारपर्यंत व्हॅक्यूम ओढा. होज चपट्या होतील, घाबरू नका. पाच मिनिटं सुई स्थिर राहिली तर गळतीही नाही. मग कॉक फिरवा, कूलंट आपोआप ओढला जाईल. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, आणि नळी बादलीत पूर्ण बुडालेली.

त्यानंतरही बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटचा संशय. टाकीच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर लावा. त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं तर कूलंटमध्ये जळलेला गॅस येतो आहे.

प्रश्न : माझदाची रोटरी इंजिनाची आरएक्स-८ दारातून पाच मीटर पुढे घेतली, बंद केली. आता सुरूच होत नाही.

उत्तर : फ्लड झाली. थंड रोटरी इंजिनात सुरुवातीला पेट्रोल भरपूर जातं. तेवढ्यात बंद केलं की ते न जळलेलं पेट्रोल सीलवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं, आणि कॉम्प्रेशन जातं. ॲक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून ठेवा, त्याने सेल्फ मारताना इंजेक्टर बंद राहतात. दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती, असं तीन-चार वेळा. नाही झाली तर चारही प्लग काढून वाळवा. खालचे लीडिंग आणि वरचे ट्रेलिंग वेगळे असतात, मिसळू नका. प्लगच्या भोकांतून प्रत्येक रोटरला चमचाभर इंजिन ऑइल घाला, इंजेक्टर बंद ठेवून थोडा सेल्फ मारा, मग कोरडे प्लग आणि भरलेली बॅटरी. सुरू झाल्यावर मोठा पांढरा धूर येईल, तो त्या ऑइलचा. पुढे मात्र एकदा सुरू केली की गरम होईपर्यंत बंद करू नका.

वारंवार होत असेल तर कॉम्प्रेशन मोजा. पिस्टनच्या गेजमध्ये सुई सर्वांत मोठ्या दाबावर अडकते, पण रोटरला तीन तोंडं असतात आणि तिन्ही वेगळी कळायला हवीत. रोटरीचा खास टेस्टर मिळवा. २५० फेऱ्यांना साधारण ६.८ बारच्या खाली गेलं तर इंजिन उघडायच्या तयारीला लागा.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायची आहे. कॉम्प्रेशन टेस्ट पुरेशी आहे का?

उत्तर : सुरुवातीला हो. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. पण दाब कुठून जातो, हे फक्त लीक-डाउन सांगते. सिलिंडर टॉप डेड सेंटरला (पिस्टन सर्वांत वर) आणून ७ बार हवा द्या. १० टक्क्यांच्या आत गळती चांगली, २० च्या वर काळजीची. आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, इनटेकमधून आला तर इनलेट व्हॉल्व, ऑइल भरायच्या भोकातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हवा देताना क्रँक फिरू शकतो, पाना त्यावर ठेवून हात मध्ये ठेवू नका. टायरवरची तारीखही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर जुनं असतं.

प्रश्न : हायब्रिड सुपरकारचं काय काय घरी करता येईल?

उत्तर : चाकं, ब्रेक पॅड, फिल्टर, १२ व्होल्टची बॅटरी. नारिंगी केबल जिथे दिसेल तिथे हात थांबवा. ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे, त्यात अपवाद नाही.

प्रश्न : एकाच मोठ्या नटाची, सेंटर लॉक चाकं आहेत. घरी काढू का?

उत्तर : पोर्शच्या सेंटर लॉकला सुमारे ६०० न्यूटन-मीटर लागतात. नेहमीचा टॉर्क पाना तिथवर पोचत नाही, लांब दांड्याचा आणि त्या क्षमतेचा वेगळाच लागतो. घोड्या कशा लावता तेही पाहा: जॅकवर रबरी गोटी, ठरवून दिलेल्या जागीच. संप, ॲल्युमिनियमची तळपट्टी किंवा साइड स्कर्टवर कधीच नाही. नट मोकळा करताना आणि शेवटचा टॉर्क देताना चाक जमिनीला टेकलेलं आणि कोणीतरी ब्रेक दाबून बसलेलं हवं. नटाचे आटे आणि शंकूच्या आकाराचं तोंड पुसून, सांगितलेलं ग्रीस लावूनच परत बसवा. कोरड्या नटावर पान्याचा आकडा लवकर येतो आणि प्रत्यक्ष पकड कमी राहते. शेवटी मधलं सुरक्षा लॉक पूर्ण बाहेर येऊन बसलंय, हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने दाबून बघा. ते अर्धवट आत असेल तर गाडी एक इंचही हलवू नका.